तारेचे राज्य आणि लहरीची वाट

हैदराबादच्या जुन्या मराठी घरांतून सप्टेंबर महिना आला की पोलीस ॲक्शनच्या आठवणी निघतात. सुलतान बाजार, काचीगुडा, बरकतपुरा, गौलीगुडा, शाहअलीबंडा अशा वस्त्यांतील या आठवणींत एक धागा समान असतो, तो रेडिओचा. कोणाच्या घरी रेडिओ होता, कोण कोणाकडे ऐकावयास जाई, खिडक्या लावून आवाज किती बारीक ठेवीत, १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे भाषण कोणी कोठे ऐकले, हे सारे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यात बोलणाऱ्याचा आवाज असतो आणि ऐकणाऱ्यांची घालमेल असते. परंतु तो आवाज ज्या खांबावरून निघाला आणि ज्या तारेने घरात उतरला, त्यांच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही.

आम्हांला मात्र एक प्रश्न बरीच वर्षे पडत आला आहे. हैदराबाद संस्थानात सभा भरवावयाची तर ‘गश्ती निशान ५३’ या हुकुमाप्रमाणे आधी परवानगी काढावी लागे. वर्तमानपत्रांना बंदी होत असे. तार आणि टपाल यांवर नजर ठेवता येत असे. इतका बंदोबस्त असलेल्या राज्यात मुंबईचा आवाज मात्र रात्री घरात येत राहिला, तो का अडविता आला नाही? याचे उत्तर राजकारणाच्या इतिहासात शोधून पुरेसे सापडत नाही. ते तारेतून वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहाच्या स्वभावात आहे. म्हणून प्रस्तुत लेखात थोडे भौतिकशास्त्र आणि थोडा हैदराबादचा इतिहास यांची सांगड घालण्याचा विचार आहे. शास्त्राची धास्ती वाचकांनी बाळगू नये. ज्यांनी गच्चीवर एरिअल बांधली आहे, त्यांना यातील बरेचसे हाताने ठाऊक आहे.

धावणारा आणि डोलणारा प्रवाह

घरातील दिव्याच्या तारेतील प्रवाह सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होतो. या गतीने डोलणाऱ्या प्रवाहाची तरंगलांबी सुमारे ६,००० किलोमीटर भरते. तिच्या मानाने घरातील दहा-वीस हातांची तार काहीच नव्हे. त्यामुळे तीतून शक्ती आकाशात जाण्याचा प्रश्न व्यवहारात उद्भवत नाही. जी वीज तारेत घातली, ती तारेच्या दुसऱ्या टोकाला मिळते.

रेडिओच्या प्रवाहाची गोष्ट निराळी. डेक्कन रेडिओ ४११ मीटरवर लागत असे. या तरंगलांबीचा प्रवाह सेकंदाला सुमारे ७ लाख ३० हजार वेळा पुढेमागे होतो. अशा प्रवाहाला काही चमत्कारिक सवयी असतात. पहिली सवय ही की तो तारेच्या गाभ्यातून जातच नाही, केवळ पृष्ठभागावरून सरकतो. तांब्याच्या तारेत दिव्याचा प्रवाह नऊ-साडेनऊ मिलिमीटर खोलवर शिरतो, तर या प्रवाहाची खोली मिलिमीटरच्या तेराव्या भागाहून अधिक नसते. इंग्रजीत यास ‘स्किन इफेक्ट’ म्हणतात. म्हणूनच रेडिओ केंद्रात भरीव कांबीऐवजी पोकळ तांब्याची नळी वापरली तरी भागते. नळीच्या पोकळीत तांबे भरले असते तर त्याचा उपयोग केवळ वजन वाढविण्याकडे झाला असता.

दुसरी सवय इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. तारेची लांबी तरंगलांबीच्या तोडीची झाली की हा प्रवाह आपली शक्ती तारेत ठेवीत नाही. विद्युत्प्रवाह जलद बदलू लागला की त्याच्या भोवतीचे विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्र त्याच्यासोबत परत येऊ शकत नाही आणि त्याचा काही भाग सुटून प्रकाशाच्या वेगाने दूर जातो. मॅक्सवेल यांनी १८६० च्या दशकात हे गणिताने दाखविले, हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस ते प्रयोगशाळेत सिद्ध केले आणि १८९५ मध्ये कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी तारेवाचून संदेश पाठवून लोकांना प्रत्यक्ष दाखविले.

तार जी बोलत नाही

रेडिओ केंद्रात प्रक्षेपक यंत्र एका इमारतीत असते आणि अँटेना तिच्यापासून काही अंतरावर मोकळ्या मैदानात. या दोहोंना जोडणारी जी तार, तिला फीडर म्हणतात. फीडरचे काम विलक्षण आहे. अँटेनाने शक्ती बाहेर टाकावयाची आणि फीडरने ती मुळीच बाहेर टाकावयाची नाही. प्रवाह तोच, तांबेही तेच. मग एक तार बोलते आणि दुसरी मौन धरते, हे कसे?

युक्ती साधी आहे. फीडरमध्ये दोन वाहक असतात आणि त्यांतील प्रवाह कोणत्याही क्षणी सारख्या बळाचे, परंतु उलट दिशांचे असतात. एकाचे क्षेत्र दुसऱ्याचे क्षेत्र पुसून टाकते. चारशे मीटरांच्या लहरीसाठी दोन तारांमधील वीत-दोन वीत अंतर नगण्य असल्याने दूर उभ्या असलेल्यास दोन्ही प्रवाह एकाच जागी दिसतात आणि त्यांची बेरीज शून्य होते. एक तार दुसरीच्या आत, नळीसारखी बसविली तर बंदोबस्त आणखी पक्का होतो. सारे क्षेत्र नळीच्या आतच कोंडले जाते. केबल टीव्हीची जी गोल तार आपल्या घरात आली, ती याच जातीची.

या प्रकारच्या नळीदार फीडरचे एक आरंभीचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातच होते. १९२७ मध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामधील ‘बीम’ बिनतारी सेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण पुण्याजवळील खडकी येथून होई आणि ग्रहण दौंड येथे. मार्कोनी कंपनीचे अभियंते सी. एस. फ्रँकलिन यांनी या सेवेसाठी अँटेनांचा उंच पडदा रचला आणि त्यातील अनेक तारांना प्रवाह पोचविण्यासाठी एकात एक बसविलेल्या तांब्याच्या नळ्या वापरल्या. पडद्यातील प्रत्येक तारेला प्रवाह योग्य वेळी आणि सारखा मिळाला तरच साऱ्या लहरी एका दिशेने एकवटतात. फीडरची लांबी थोडी चुकली की विलायतेकडे जाणारा झोत भलतीकडे वळावयाचा. खडकी आणि दौंड यांच्यात इतके अंतर ठेवण्याचे कारणही हेच होते. बोलणाऱ्या अँटेनाशेजारी ऐकणारी अँटेना ठेवली तर सातासमुद्रापलीकडची कुजबुज तिला ऐकू येणार नाही.

फीडर आणि अँटेना यांचे जुळणे हा याच विषयाचा एक भाग. प्रत्येक फीडरचा स्वतःचा असा एक विद्युत्‌स्वभाव असतो, तो ओहममध्ये मोजतात. जुन्या दूरदर्शन अँटेनाची चपटी तार ३०० ओहमची, पुढे आलेली गोल तार ७५ ओहमची. अँटेनाचा स्वभाव याच्याशी जुळला नाही तर गेलेल्या शक्तीचा काही भाग टोकावरून परत फिरतो. जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांत मिसळतात, तारेवर काही ठिकाणी प्रवाह फुगतो, काही ठिकाणी ओसरतो. जुन्या चित्रवाणी संचावर एकाच माणसाच्या शेजारी त्याची फिकट सावली दिसे, ती कधी समोरच्या इमारतीवरून उलटलेल्या लहरीमुळे, तर कधी या परतलेल्या प्रवाहामुळे.

आणि कधी कधी मौन धरावयाची तारच बोलू लागते. आमच्या परिचयातील एका हौशी रेडिओचालकाच्या गच्चीवर आम्ही हे पाहिले आहे. मायक्रोफोनला ओठ लागला की चटका बसे, शेजारच्या खोलीतील ध्वनिवर्धक आपोआप बोलू लागे. यंत्रात दोष सापडेना. दोष होता तो प्रवाहाच्या वाटेचा. गोल तारेच्या बाहेरच्या आवरणाला आतील आणि बाहेरील असे दोन पृष्ठभाग असतात आणि प्रवाह पृष्ठभागापुरताच राहत असल्याने ते दोन पृष्ठभाग म्हणजे जणू दोन वेगळ्या तारा. आतील पृष्ठभागावरून अँटेनापर्यंत गेलेल्या प्रवाहाचा काही भाग तेथून वळून बाहेरील पृष्ठभागावरून घरात परत येत होता. त्याला उलट दिशेचा जोडीदार नसल्याने ती तारच अँटेना झाली होती. गच्चीवर, अँटेनाच्या अगदी जवळ, त्या तारेची सात-आठ वेटोळी एकत्र बांधली आणि त्या भटक्या प्रवाहाची वाट अडली. चटका थांबला. जोडीदाराविना उरलेला प्रवाह आकाशात जातो, हे सूत्र आम्हांला पुस्तकापेक्षा त्या चटक्याने अधिक समजले.

सरूरनगरची जमीन

आता हैदराबादकडे वळू. मुंबईचे प्रक्षेपण केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, ते दीड किलोवॉटचे होते. हैदराबादेत निजाम सरकारच्या रेडिओचा आरंभ ३ फेब्रुवारी १९३५ रोजी २०० वॉटच्या यंत्राने झाला. २०० वॉट म्हणजे फारच थोडी शक्ती. तीवर फार तर शहर आणि आसपासचा मुलूख ऐकू शके. १९३९ मध्ये सरूरनगर येथे ५ किलोवॉटचे यंत्र बसले. शक्ती पंचवीसपट झाली.

पंचवीसपट शक्ती म्हणजे पंचवीसपट आवाज, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो बरोबर नाही. दूरवर पोचणारे क्षेत्र अँटेनातील प्रवाहाच्या प्रमाणात असते आणि शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. अँटेनाचा रोध ३६ ओहम धरला तर २०० वॉटसाठी सुमारे सव्वादोन ते अडीच अँपिअर प्रवाह लागतो आणि ५,००० वॉटसाठी पावणेबारा अँपिअर. म्हणजे प्रवाह पाचपट, क्षेत्रही पाचपट. रेडिओ केंद्रातील अभियंता अँटेनाच्या पायथ्याशी बसविलेल्या अँपिअरमापकाकडे डोळे लावून बसे, त्याचे कारण हेच. स्टुडिओत गवई किती रंगला, हे त्याला त्या काट्यावरून कळत नसे; लहर किती दूर जाईल, हे मात्र कळे.

हा ३६ ओहमचा आकडा पाव तरंगलांबी उंचीच्या खांबाचा आहे. ४११ मीटरसाठी ती उंची सुमारे १०३ मीटर होते, म्हणजे साधारणपणे दोन चारमिनार एकावर एक ठेवावेत इतकी. अशा खांबात टोकाला प्रवाह शून्य आणि पायथ्याशी सर्वांत अधिक असतो. इतका उंच खांब परवडत नसे तेव्हा दोन बुटक्या खांबांमध्ये आडवी तार ताणून तिच्या मध्यावरून एक तार खाली सोडीत. दुरून ती इंग्रजी टी अक्षरासारखी दिसे. वरची आडवी तार फारसे प्रक्षेपण करीत नाही. प्रवाहाला टोकाशी एकदम शून्य होऊ न देता पुढे वाट देणे, इतकेच तिचे काम. त्यामुळे उभ्या तारेतील प्रवाह वाढतो आणि खरे प्रक्षेपण तीच करते.

खांबाला उंचीइतकीच गरज असते ती जमिनीची. उभ्या अँटेनाचा प्रवाह जमिनीतून परत यावा लागतो; अर्धी अँटेना जणू मातीखाली असते. खांबाची उंची तरंगलांबीच्या दशांशाइतकीच असेल तर त्याचा प्रक्षेपणाचा रोध चार ओहमच्या आसपास येतो आणि जमिनीचा रोधही तितकाच असला तर निम्मी शक्ती माती तापविण्यात जाते. म्हणून खांबाभोवती तांब्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या पुरतात. १९३७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांनी दाखविले की अशा सुमारे १२० तारा पुरल्या म्हणजे जमिनीचा तोटा जवळजवळ संपतो.

हैदराबादकरांना या जमिनीची कल्पना वेगळी द्यावयास नको. आपले शहर ग्रॅनाइटच्या खडकावर बसले आहे, विहीर खणणाऱ्याला सुरुंग लावावा लागतो. असा कोरडा खडक प्रवाहाला वाट देण्यात कंजूष असतो. मराठवाड्याची ओल धरणारी काळी माती त्या मानाने उदार. मध्यम लहर दिवसा जमिनीला धरूनच चालते, आणि ज्या जमिनीवरून ती चालते ती जमीन प्रत्येक कोसाला तिच्याकडून जकात घेते.

औरंगाबादला वेगळे केंद्र का लागले

या जकातीचा एक परिणाम मराठी माणसाशी थेट निगडित आहे. निजामाचे राज्य चार भाषांचे होते आणि डेक्कन रेडिओची मुख्य भाषा उर्दू असली तरी तेलुगू, मराठी आणि कन्नड कार्यक्रमही होत. परंतु मराठी बोलणारे बहुसंख्य लोक राहत ते औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत. हैदराबादपासून औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, सरळ रेषेत सुमारे ४३० किलोमीटर दूर. पाच किलोवॉटची लहर दिवसा खडकावरून इतके अंतर चालून जाई तोवर तिच्यात फारसे त्राण उरत नसे. रात्री आयनांबरावरून उलटून ती पोचे खरी, पण चढउतार करीत. त्यामुळे औरंगाबाद येथे ५०० वॉटचे स्वतंत्र केंद्र उभारण्यात आले. दरबाराची इच्छा एक, भाषा चार, आणि लहरीची पोच मात्र खांबाच्या पायथ्याच्या प्रवाहावर आणि वाटेतील मातीवर ठरलेली. राजाज्ञेने तीत फरक पडत नव्हता.

सीमा कोणाला लागू

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. हैदराबाद शहरातील मराठी वसाहतीला सीमेचा अर्थ चांगला ठाऊक होता. सुलतान बाजारासह रेसिडेन्सी बाजारांचा भाग १९३३ पर्यंत ब्रिटिश रेसिडेंटच्या अमलाखाली होता. रस्त्याच्या एका बाजूला एक कायदा आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, अशी स्थिती आपल्या वाडवडिलांनी पाहिली. जी सभा शहरात घेता येत नसे, ती रेसिडेन्सीच्या हद्दीत घेणे तुलनेने सोपे जाई. सीमा माणसाला लागू होती, कागदाला लागू होती, तारेलाही लागू होती, कारण तार कोठून तरी येते आणि कोठे तरी जाते. जेथे ती हद्द ओलांडते तेथे शिपाई उभा करता येतो.

लहरीला दोन टोके नसतात. मुंबईच्या खांबातून सुटलेली मध्यम लहर दिवसा आयनांबराच्या खालच्या थरात विरून जाते. सूर्य मावळला की तो थर नाहीसा होतो आणि वरच्या थरावरून उलटून लहर शेकडो किलोमीटर दूर उतरते. मुंबई ते हैदराबाद हे सुमारे ६२० किलोमीटरांचे अंतर रात्रीच्या लहरीच्या टप्प्यातले. १९३८ पासून मुंबई केंद्राच्या लघुलहरीही सुरू झाल्या, त्या तर याहून दूरवर जात. १९४८ च्या जुलैत नागपूर केंद्र सुरू झाले. निजामाच्या राज्याभोवती चहूंकडे भारतीय प्रांत होते आणि त्यांच्या खांबांतून निघालेल्या लहरींना नाके लागत नव्हते.

तरीही या साखळीत एक दुवा असा होता की तो डोळ्यांना दिसे. तो म्हणजे ऐकणाऱ्याच्या गच्चीवरील तार. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला चांगली एरिअल आणि चांगली अर्थ लागे. दोन बांबूंमध्ये चिनी मातीच्या अंड्यांवर ताणलेली तांब्याची तार आणि तीवरून खिडकीतून आत येणारी दुसरी. त्या तारेत येणाऱ्या लहरीने निर्माण होणारा प्रवाह अँपिअरच्या लक्षांशाहूनही क्षीण असे, परंतु तो असे तोच, जो मुंबईच्या खांबात डोललेला. प्रत्येक रेडिओला परवाना लागे आणि परवान्याची नोंद दप्तरात असे. आमच्या घरात सांगत की १९४८ च्या पावसाळ्यात गच्चीवरील तार उतरवून माजघरात छताच्या वाशांना बांधली होती, बाहेरून दिसू नये म्हणून. आवाज त्यामुळे खालावला. मग अर्थची तार नळाला गुंडाळून त्या जागी ओले फडके ठेवीत. ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांना शास्त्र माहीत नव्हते, परंतु प्रवाहाला मातीची वाट करून दिली पाहिजे, एवढे त्यांना उमगले होते.

बोलणाऱ्याची अडचण याच्या उलट. ऐकणारा तारेने दिसतो, बोलणारा लहरीने. १९४२ च्या ऑगस्टअखेरीस मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, तो ४२.३४ मीटरवर. या लहरीची अर्धी लांबी सुमारे २१ मीटर, म्हणजे एका चाळीच्या गच्चीत मावणारी तार पुरे. परंतु लहर सुटली की ती सर्वांनाच दिशा सांगते. गोल वेटोळ्याची अँटेना फिरवून पोलीस त्या दिशेचा माग काढू शकत, म्हणून जागा पुनःपुन्हा बदलाव्या लागत. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेख वाडीत पोलीस पोचले, ते अखेरीस माणसाकडून फुटलेल्या माहितीने. लहरीने गल्ली दाखवावी आणि माणसाने दार दाखवावे, असा तो प्रकार. पुढे १९५५ पासून १९६१ पर्यंत लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी गोव्यासाठी मुक्तीचा रेडिओ चालविला. त्यांनी आपले यंत्र पोर्तुगीज हद्दीबाहेर, आंबोलीच्या जंगलात नेले. हद्दीबाहेरचा खांब पोर्तुगीज शिपायाला मोडता येत नव्हता आणि हद्दीत शिरलेली लहर धरता येत नव्हती.

१७ सप्टेंबर

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबादच्या हद्दीत शिरले. चार-पाच दिवस शहराने अफवांवर काढले. १७ तारखेस लायक अली यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि त्याच दिवशी निजाम उस्मान अली खान यांनी डेक्कन रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी जनरल एल एद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे शरणागती दिली. ज्या केंद्रातून वर्षभर दरबाराची बाजू मांडली गेली, त्याच केंद्रातून त्या राज्याच्या शेवटाची वार्ता निघाली. यंत्र बदलले नव्हते, फीडर बदलला नव्हता, अँटेनाच्या पायथ्याचा काटा त्याच आकड्यावर होता. प्रवाहाला बोलणाऱ्याची ओळख नसते.

आम्हांला यात एक अर्थ दिसतो. डेक्कन रेडिओवर सत्ता होती ती फीडरपर्यंत. मायक्रोफोनपुढे कोणी बसावे, कोणत्या भाषेला किती वेळ द्यावा, कोणती बातमी गाळावी, हे सारे दरबाराच्या हाती होते, कारण तेथवर सारे तारेत होते आणि तारेतील प्रवाहाला जोडीदार होता. खांबापाशी तो जोडीदार सुटला की पुढचे कोणाच्याच हाती नव्हते. निजामाचा आवाज सोलापुरास ऐकू जाई तसाच मुंबईचा आवाज सुलतान बाजारात येई. रेडिओ उभारणाऱ्या प्रत्येक राज्याने दुसऱ्याच्या रेडिओसाठी आपल्या प्रजेच्या गच्चीवर तार बांधावयास लावली, हे त्या काळी किती जणांच्या ध्यानात आले असेल?

१ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबाद ही केंद्रे आकाशवाणीकडे आली. पुढे मध्यम लहरींची फेरआखणी झाली आणि १९७८ पासून हैदराबादचे मुख्य केंद्र ७३८ किलोहर्ट्झवर आले. तरंगलांबी ४११ वरून सुमारे ४०६ मीटरवर उतरली. दीर्घकाळ पाहता शहराचा आवाज जवळजवळ त्याच जागी राहिला.

तारेची आणि लहरीची ही विद्या शहरातून गेली नाही. १९८३ मध्ये हैदराबादेत राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था स्थापन झाली. तिने योजलेल्या मोहिमेतील हौशी रेडिओचालक डिसेंबर २००४ मध्ये पोर्ट ब्लेअर येथे होते. २६ तारखेस त्सुनामी आली, टेलिफोन बंद पडले, आणि गच्चीवरील एक तार, एक फीडर आणि बॅटरी एवढ्यावर बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचू लागली. जेथे तारेचे जाळे तुटते तेथे लहर वाट काढते, याचा तो पुन्हा एक प्रत्यय होता.

आज आपला बहुतेक आवाज पुन्हा जाळ्यातून येतो. मोबाइलला अँटेना असते, पण ती जवळच्या मनोऱ्यापुरती. पुढे सारे तारेत आणि काचेच्या तंतूत. सोय अपार झाली आणि त्याचबरोबर शिपाई उभा करावयाची जागाही परत आली. आम्ही हे तक्रार म्हणून सांगत नाही. आपल्या वाडवडिलांनी ज्या लहरीवर विसंबून काही दिवस काढले, तिचे वेगळेपण समजावे, एवढ्याचसाठी सांगतो.

जाता जाता एक विनंती. आपल्या घरांत अजूनही माळ्यावर चिनी मातीचे इन्सुलेटर, रेडिओ परवान्याची जुनी पुस्तके, कोणी डेक्कन रेडिओच्या मराठी कार्यक्रमात गायल्याबोलल्याची आमंत्रणपत्रे पडून असतील. त्या कार्यक्रमांचा आवाज निघाला त्या क्षणीच विरला. लहर काही जपून ठेवीत नाही. जे जपले जाईल ते कागदावर आणि आठवणीत. १९४८ मध्ये दहा-बारा वर्षांचे असलेले आता नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्याजवळ बसून, कोणत्या गच्चीवर तार होती, ती कोणी बांधली, रात्री काय ऐकू येई, हे लिहून घ्यावे. नोंद लहान असली तरी चालेल. खांबाच्या पायथ्याच्या प्रवाहाची नोंद केंद्रात झाली असेल. गच्चीवरच्या तारेत उतरलेल्या त्या क्षीण प्रवाहाची नोंद मात्र आपणच करावयाची आहे.